शहर तुंबते तेव्हा कामावर असलेली माणसे

मुंबई महानगरपालिकेच्या सेवेत सुमारे एक लाख माणसे आहेत. सामान्य मुंबईकराचा त्यांच्याशी संबंध येतो तो जन्माचा दाखला, पाणीपट्टीचे बिल किंवा न उचललेला कचरा एवढ्यापुरता. पाणीपुरवठा, मलनिःसारण, रस्ते, रुग्णालये, अग्निशमन, उद्याने आणि शाळा ही सगळी खाती मात्र याच एका संस्थेच्या हाताखाली चालतात. त्यामुळे शहरावर संकट आले की पहिल्या काही तासांत रस्त्यावर दिसतात ती रोजचीच माणसे: सफाई कामगार, मुकादम, कनिष्ठ अभियंता, पाण्याच्या झडपा फिरवणारा चावीवाला, परिचारिका, अग्निशामक. लष्कर किंवा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या मदतीला येतात, पण कोणत्या गल्लीत पाणी आधी चढते हे त्यांना सांगावे लागते ते याच माणसांना.

ही माहिती कागदावर फारशी नसते. चौकीवर हजेरी लावून वर्षानुवर्षे एकाच भागात झाडलोट करणाऱ्या कामगाराला रस्त्याकडेच्या कोणत्या जाळीत प्लास्टिक अडकते ते ठाऊक असते. चावीवाल्याला कोणती झडप बंद केली की कोणत्या चाळीचे पाणी थांबते, हे नकाशा न उघडता सांगता येते. आपत्तीच्या तयारीची चर्चा बहुधा यंत्रसामग्री आणि निधीभोवती फिरते आणि ही पाठ असलेली माहिती हिशेबात धरली जात नाही. असा माणूस निवृत्त झाला आणि त्याची जागा भरली गेली नाही, तर कमी झालेले नेमके काय हे कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

कायद्याच्या दृष्टीने ही जबाबदारी २००५च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमात स्पष्ट केलेली आहे. आपले अधिकारी व कर्मचारी आपत्ती व्यवस्थापनासाठी प्रशिक्षित असतील हे पाहणे, या कायद्याच्या ४१व्या कलमाने स्थानिक संस्थेवर बंधनकारक केले आहे. ५६व्या कलमानुसार, नेमून दिलेले कर्तव्य परवानगीशिवाय किंवा कायदेशीर कारणाशिवाय टाळणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्य याहून पुढे गेले आहे. तेथे सरकारी आणि नगरपालिकेचा प्रत्येक कर्मचारी, मग तो ग्रंथालयात असो की लेखा विभागात, कायद्यानेच आपत्ती सेवक मानला जातो आणि नोकरीत येताना तशी शपथ घेतो. आपल्याकडे शपथ नाही. वेळ आली की आदेश निघतो आणि लिपिकापासून शिक्षकापर्यंत कोणाचीही नेमणूक कुठेही होते.

मुंबईच्या यंत्रणेला आजचे रूप आले ते २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याच्या वेधशाळेत त्याच काळात जेमतेम ७४ मिलिमीटर. महापालिकेचे मुख्यालय दक्षिण टोकाकडे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर आहे. मिठी नदी कुर्ला आणि कलिन्यातील घरांत शिरत होती तेव्हा शहराचा कारभार जिथून चालतो त्या भागात पावसाळ्यातला एक नेहमीचा दिवस होता. दूरध्वनी बंद पडले, लोकलगाड्या थांबल्या आणि उपनगरांतून मुख्यालयाकडे येणारी माहितीही आटली. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने नंतर या पुराची कारणे तपासली. पर्जन्य जलवाहिन्यांच्या सुधारणेचा ‘ब्रिमस्टोवॅड’ आराखडा १९९३ सालीच तयार झाला होता, त्यातील बरेचसे काम तोवर कागदावरच राहिले होते.

त्यानंतर शहरभर, मुख्यतः अग्निशमन केंद्रे आणि वॉर्ड कार्यालयांच्या इमारतींवर, स्वयंचलित पर्जन्यमापक बसले. त्यांची नोंद दर पंधरा मिनिटांनी मिळते, त्यामुळे दहिसरला कोसळणारा पाऊस फोर्टमधील मुख्यालयात बसून कळतो. मुख्यालयातील आपत्कालीन नियंत्रण कक्ष तिन्ही पाळ्यांत चालतो. १९१६ या क्रमांकावर आलेली तक्रार तेथून संबंधित वॉर्डाकडे, अग्निशमन दलाकडे किंवा रुग्णालयाकडे जाते. परळला कर्मचाऱ्यांच्या आणि स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था आहे. २०२० मध्ये ‘आयफ्लोज’ ही पूर-पूर्वसूचना प्रणालीही सुरू झाली.

पावसाळ्याची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. नाल्यांतील गाळ उपसणे, धोकादायक फांद्या छाटणे, हिंदमाता आणि मिलन सबवेसारख्या सखल जागी उपसा पंप बसवणे, प्रत्येक वॉर्डात निवाऱ्यासाठी महापालिकेच्या शाळा नक्की करणे, अशी ती कामे. सोबत एक वेळापत्रकही निघते, भरतीचे. शहराच्या जुन्या जलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि समुद्राला ओहोटी, असा हिशेब धरून बांधलेल्या आहेत. पावसाचे पाणी समुद्रात सोडणारी अनेक पातमुखे भरतीच्या पातळीखाली असतात. त्यांचे दरवाजे बंद केले नाहीत तर समुद्राचे पाणी उलटे आत येते आणि बंद केले तर पावसाचे पाणी बाहेर जाण्याची वाट अडते. म्हणून साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस आधीच जाहीर केले जातात. त्या दिवशी मुसळधार पाऊस पडला तर पाणी बाहेर ढकलण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया अशी उदंचन केंद्रे. तेथील एकेक पंप सेकंदाला सुमारे सहा हजार लिटर पाणी समुद्रात फेकतो. हा पंप ऐन वेळी चालू करणारा पाळीवरचा कर्मचारी मात्र केंद्रात हजर असावा लागतो.

रस्त्यावरच्या कामाचे स्वरूप याहून साधे आणि जास्त धोक्याचे आहे. गुडघाभर पाण्यात उभे राहून जाळीतला कचरा हाताने किंवा आकड्याने ओढायचा, उघड्या मॅनहोलशेजारी बांबू किंवा झेंडा लावून थांबायचे. २९ ऑगस्ट २०१७ रोजी पाणी ओसरावे म्हणून लोकांनी उघडलेल्या मॅनहोलमध्ये एका नामवंत डॉक्टरांचा बळी गेला, तेव्हा मॅनहोलवर माणूस उभा असण्याचे मोल सगळ्यांना कळले. पुढे झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसवण्याचे काम सुरू झाले. अग्निशमन दलातील जोखीम तर जुनीच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीवर झालेल्या स्फोटांत मुंबईचे ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले. २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत दलाने आपल्या प्रमुखासह चार अधिकारी गमावले.

या सगळ्या व्यवस्थेतला कच्चा दुवा आहे घर आणि कामाचे ठिकाण यांतले अंतर. पगारात मुंबईत घर परवडत नाही म्हणून फार मोठ्या संख्येने कर्मचारी विरार, कल्याण, बदलापूर, पनवेलकडे राहतात. लोकल बंद पडते ती नेमकी त्यांची गरज असते त्याच दिवशी. मग रात्रपाळीचा माणूस घरी जाऊ शकत नाही, दिवसपाळीचा येऊ शकत नाही आणि पहिल्याची पाळी लांबत जाते. स्वतःच्या घरात पाणी शिरलेले असताना दुसऱ्यांच्या तक्रारी लिहून घेणारा कर्मचारी नियंत्रण कक्षात दुर्मीळ नाही. करोनाच्या काळात हे अंतर सर्वांना दिसले. टाळेबंदीत आधी एसटी आणि बेस्टच्या गाड्यांनी अत्यावश्यक सेवेतील लोकांची ने-आण केली आणि १५ जून २०२० पासून केवळ त्यांच्यासाठी मर्यादित लोकल सोडाव्या लागल्या. त्याच सुमारास प्रत्येक वॉर्डात ‘वॉर रूम’ उघडल्या. रुग्णाला खाट मिळवून देण्याचे काम मुख्यालयाकडून वॉर्डाकडे आले आणि एरवी दवाखान्याशी संबंध नसलेले कर्मचारीही फोनवर बसले.

प्रत्यक्ष काम करणारे सगळेच पालिकेचे कायम नोकर नसतात, हीसुद्धा मोठी अडचण आहे. नालेसफाई, उपसा पंप चालवणे, कचरा वाहतूक यांतले बरेच काम कंत्राटदारांमार्फत होते. गमबूट, हातमोजे, विमा, प्रशिक्षण या गोष्टी कायम कामगाराला हक्काने मागता येतात. कंत्राटी कामगाराला त्या मिळतील की नाही, हे कंत्राटात काय लिहिले आहे आणि त्यावर देखरेख कोण करते यावर ठरते. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्यात २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला तो एप्रिल २०१७ मध्ये. तोवर हे लोक वर्षानुवर्षे तेच काम तुटपुंज्या मोबदल्यात करत होते. पाण्यात उतरताना मात्र कायम आणि कंत्राटी कामगारांमध्ये कोणी फरक करत नाही.

पाणी ओसरले की बातम्या थांबतात आणि पालिकेच्या कामाचा दुसरा भाग सुरू होतो. गाळ आणि भिजलेले सामान उचलणे, जंतुनाशक पावडर टाकणे, पडलेली झाडे कापून रस्ते मोकळे करणे. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. उंदीर-घुशींच्या मूत्रातले जंतू पायाच्या जखमेतून शरीरात जातात. त्यामुळे आरोग्य स्वयंसेविका वस्त्यांतून फिरून पाण्यातून चाललेल्यांची चौकशी करतात आणि गरज असेल त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन दिले जाते. तासन् तास त्या पाण्यात उभे राहिलेले सफाई कामगार आणि जलवाहिन्यांचे मजूर सर्वाधिक जोखमीच्या गटात येतात. प्रतिबंधक औषधाच्या यादीत त्यांची नावे सर्वांत आधी असायला हवीत आणि कंत्राटी मजुरांच्या बाबतीत ती यादी कंत्राटदाराकडून वेळेवर मागवून घेण्याचे काम वॉर्डाचे आहे.