पंखाखालची शाळा

सकाळी उजाडताच बारामतीच्या विमानतळावर एखादा विद्यार्थी सेसनाच्या पंखाखाली वाकतो, टाकीतलं थोडं इंधन पारदर्शक नळीत काढतो आणि उजेडात धरून न्याहाळतो. निळसर इंधनाच्या तळाशी पाण्याचा थेंब तर नाही ना? इंजिन अडखळलं म्हणून आकाशात कडेला थांबता येत नाही.

जे. आर. डी. टाटांना १९२९ मध्ये देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो मुंबईत शिकून. आता ही शिकवणी बारामती, धुळे, गोंदियाकडे सरकली आहे. तिथलं आभाळ मोकळं.

व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. शिवाय हवामानशास्त्र, दिशादर्शन, हवाई नियमांचे पेपर. तरी सगळ्यांच्या लक्षात राहतं ते पहिलं एकट्याचं उड्डाण. प्रशिक्षक उतरतो, शेजारची खुर्ची रिकामी होते, वजन घटल्यानं विमान नेहमीपेक्षा चटकन उचलतं. एक फेरी, एक लँडिंग, बस्स. खाली मित्र पाण्याच्या बादल्या घेऊन उभेच असतात!

खर्च मात्र लाखांत. त्यामुळे बारावीला भौतिकशास्त्र-गणित घेतलेल्या मुलांच्या पालकांनी फी भरण्याआधी मुलांची वैमानिकांसाठीची ‘क्लास वन’ वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.