सर्किट बोर्डाचे आराखडे व मुक्त प्रोग्रॅम : एका धान्य व्यापाऱ्याचा अनुभव

धान्याच्या व्यापाऱ्याने विजेच्या उपकरणांविषयी लिहावे, हे आपणांपैकी पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या धंद्यात आपण भांडवल घातले, तो समजून घेणे हे व्यापाऱ्याचे कर्तव्यच होय.

माझा पुतण्या बेळगावच्या उद्यमबागेत लहानसा कारखाना चालवितो. डाळ मिल, पिठाची गिरणी येथील थ्री-फेज मोटारींस संरक्षण देणारी उपकरणे तो तयार करतो. तीनपैकी एक फेज गेली असता मोटार तापून जळते. हे उपकरण तत्पूर्वीच ती बंद करते. उपकरणाच्या आत सर्किट बोर्ड असतो. त्यावरील तांब्याच्या रेषा व भोके कोठे असावीत, याचा आराखडा संगणकावर काढून बोर्ड बनविणाऱ्याकडे पाठवावा लागतो. हे आराखडे हीच त्याच्या धंद्याची खरी मालमत्ता.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या बोर्डावरील एका प्रकारचा रिले बाजारात मिळेनासा झाला. पर्यायी रिलेचे पाय निराळ्या अंतरावर असल्याने आराखड्यात थोडा फरक करणे प्राप्त होते. आराखडे काढण्याचा प्रोग्रॅम त्याने एका कंपनीकडून वार्षिक वर्गणीवर घेतला होता आणि मंदीमुळे त्या साली वर्गणी भरणे राहून गेले होते. एके सायंकाळी तो पेढीवर येऊन म्हणाला, “काका, आराखडा दिसतो, पण त्यात बदल करता येत नाही.”

भाडे थकले तर गोदामाचा मालक कुलूप घालील, हे मला समजते. परंतु स्वतः लिहिलेल्या वहीत स्वतःलाच नोंद करता येऊ नये, हे मला उमजेना. शेवटी वर्गणी मी भरली, दोनशे उपकरणांची मागणी वेळेवर पुरी झाली. मात्र पुन्हा असा प्रसंग येऊ नये, म्हणून त्याने किकॅड नावाच्या मुक्त प्रोग्रॅमचा विचार मांडला.

हा प्रोग्रॅम फ्रान्समधील ज्याँ-पिएर शारा यांनी १९९२ साली आरंभिला. जिनिव्हाजवळील सर्न या विख्यात संशोधनसंस्थेने २०१३ पासून त्याच्या विकासास हातभार लावला. त्यास किंमत नाही, मुदत नाही, बोर्डाच्या आकारावर अट नाही. त्याची मूळ संहिता सर्वांस खुली असून आराखडे साध्या मजकुराच्या स्वरूपात साठविले जातात.

फुकट मालाविषयी मी साशंकच असतो. परंतु विकत घेतलेला प्रोग्रॅमही कायमचा नसतो, असे दिसून आले. जर्मनीत १९८८ साली निघालेला ईगल हा प्रोग्रॅम २०१६ मध्ये ऑटोडेस्क या अमेरिकन कंपनीने घेतला. २०१७ पासून तो केवळ वर्गणीवर मिळू लागला आणि ७ जून २०२६ पासून तो बंद होईल, असे कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. त्याचे काम कंपनीच्या फ्यूजन या प्रोग्रॅममध्ये पुढे चालविता येते, हेही सांगितले पाहिजे. पण तेथेही वर्गणी आलीच.

बदल सुखासुखी झाला नाही. चौदा आराखडे नव्या प्रोग्रॅममध्ये आणण्यास व हात बसण्यास दोन महिने लागले. तांब्याने भरावयाच्या जागा पुन्हा भरून तपासाव्या लागल्या. प्रत्येक आराखडा मूळ मापात कागदावर छापून त्यावर प्रत्यक्ष रिले व कनेक्टर ठेवून पाहिले. एका ठिकाणी कनेक्टरचे भोक बारीक निघाले. कागदावर ते सापडले, म्हणून पाचशे बोर्ड वाया जाण्याचे वाचले. आपण पोत्यातून नमुना काढून पाहतो, तसेच हे.

म्हणून धंद्यात पडलेल्या आपल्या तरुण मंडळींस माझे सांगणे इतकेच : हातात तातडीची मागणी असताना असा बदल करू नये, सवडीच्या दिवसांत एका लहान बोर्डापासून आरंभ करावा, जुने काम तपासल्यावाचून बोर्ड बनविण्यास पाठवू नये. शिकण्यात वेळ जातो, तीच त्याची किंमत समजावी. आणि ज्या कामावर आपला नफा चालतो, त्यास दिवाळीत यथाशक्ति देणगी पाठवावी. माझा पुतण्या दरसाल पाठवितो व ती रक्कम खर्चाच्या खात्यावर लिहितो. ती नोंद वाचताना मला समाधान वाटते.