टिंबाच्या आधी माप

व्यवहारातलं गणित बहुतेक वेळा गुणाकार-भागाकारात चुकत नाही. तो तर मोबाइलही करून देतो. चूक होते आकडा मांडताना. माप कोणतं, त्याचे भाग किती, दर कशाचा, हे पाहायचं राहून जातं. सराव तिथूनच सुरू करावा.

पावकी, निमकी, पाऊणकी

पूर्वी शाळेत पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा पाठ करून घेत. रुपयाचे सोळा आणे होते तोवर त्यांची रोज गरज पडे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले आणि हे पाढे हळूहळू मागे पडले. ते पडायला नको होते. २४० रुपये किलोचे शेंगदाणे ३५० ग्रॅम घेतले, तर २४० ला ०.३५ ने गुणता येतंच. पण पाव किलोचे ६० आणि शंभर ग्रॅमचे २४, मिळून ८४, हा हिशेब दुकानदार पुडी बांधेपर्यंत तोंडी होतो. शिवाय उत्तराचा अंदाज आधीच येतो: माल अर्ध्या किलोपेक्षा कमी, म्हणजे रक्कम १२० च्या आतच हवी.

प्रत्येक टिंब दशांशचिन्ह नसतं

२८.३ षटकं म्हणजे २८ षटकं आणि ३ चेंडू, म्हणजेच साडेअठ्ठावीस. १७१ धावांना २८.५ ने भागलं की धावगती बरोबर ६ येते. दीड तासही आपण १.३० असाच लिहितो.

शेतीत ही गफलत महागात पडते. एकराचे गुंठे ४०. त्यामुळे वहीत ‘१.२०’ लिहिलेले एक एकर वीस गुंठे म्हणजे दीड एकर. कॅल्क्युलेटरवर १.२० दाबलं तर तो एक एकर आठ गुंठेच धरतो. एकरी ३० किलो बियाणं लागत असेल, तर ४५ ऐवजी ३६ किलोच आणलं जाईल आणि पेरणी अर्धवट राहील.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर अशा क्रमानं असतं. ०.६२.५० म्हणजे शून्य हेक्टर, ६२ आर, ५० चौरस मीटर. १०० चौरस मीटरचा एक आर आणि १०० आरचा एक हेक्टर, तेव्हा हे झाले ६,२५० चौरस मीटर. इथे भाग शंभराचे असल्यानं ०.६२५ हेक्टर असं सरळ लिहिता येतं. गुंठा मात्र ३३ बाय ३३ फुटांचा, १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आरपेक्षा जरासा मोठा. भागून साधारण ६१.७८ गुंठे येतात: एक एकर पावणेबावीस गुंठे. आर आणि गुंठा सारखेच, असं तोंडी बोलताना चालतं. खरेदीखताच्या वेळी चालत नाही. एका एकरात जवळजवळ अर्ध्या गुंठ्याचा फरक पडतो.

दर कशाचा?

बाजार समितीत भाव क्विंटलचा असतो. १,८५० रुपये भावानं ३ क्विंटल ५ किलो कांदा ३.०५ ने गुणायचा; रक्कम ५,६४२.५० रुपये. ३.५ धरलं तर ८३२.५० रुपये जास्तीचे दिसतात.

खाद्यतेलाचं उलटं. पिशवी लिटरची, सुटं तेल किलोचं, आणि एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. समजा पिशवी १५० रुपयांची आणि सुटं तेल १६० रुपये किलो. पिशवी स्वस्त वाटते, पण तिचा किलोचा दर जवळजवळ १६५ पडतो.

मुलांकडून सराव

गणितं पुस्तकातून काढण्यापेक्षा घरातल्या पावत्या आणि वीजबिल पुढे ठेवावं. प्रत्येक पायरीवर आकड्यासोबत एकक लिहायला लावावं. उत्तर ‘किलोमीटर भागिले लिटर’ असं दिसलं की मांडणी बरोबर आहे हे मुलांनाच कळतं. सुरुवातीला हे गणित द्या: ३.२ लिटर पेट्रोलमध्ये दुचाकी १५२ किलोमीटर गेली. लिटरला साडेसत्तेचाळीस. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं, तर किलोमीटरला साधारण २ रुपये २१ पैसे.