वाडवडिलांची तिकिटांची वही

आपल्यापैकी एखाद्याच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत वाडवडिलांनी जमविलेल्या पोस्टाच्या तिकिटांची वही असेल. २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालेले स्वतंत्र भारताचे पहिले, साडेतीन आण्यांचे तिरंग्याचे तिकीट किंवा १५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची तिकिटे तीत सापडू शकतात. म्हणून आम्ही चार गोष्टी सुचवितो.

पहिला शत्रू पावसाळी ओल. दमट हवेत तिकिटामागचा डिंक पानाला धरून बसतो. मग नखाने ओढाल तर तिकीट फाटलेच म्हणून समजा! पाण्यातही टाकू नका. काही जुन्या तिकिटांची शाई विरघळते, कोऱ्या तिकिटाचा डिंक जातो. चिकटपट्टी लावू नका, तिचा पिवळा डाग निघत नाही. पाकिटावरचे तिकीट कापू नका. शिक्क्यातले गाव आणि तारीख हाच त्याचा सातबारा.

वही कोरड्या कपाटात पुस्तकासारखी उभी ठेवा. तिकीट बोटांनी नव्हे, चपट्या टोकाच्या चिमट्याने धरा.

आणि शेवटचे, पण महत्त्वाचे. भावाभावांत शेत वाटता येते, वही पाने फाडून वाटू नका. ती एका घरी ठेवा, बघायला सगळ्यांनी यावे.