इस्मरान

इस्मरान हा मुंबईतील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचा प्रतिन्यूट्रिनो शोधक प्रकल्प आहे. 'इंडियन सिंटिलेटर मॅट्रिक्स फॉर रिॲक्टर अँटी-न्यूट्रिनोज' या नावाचे हे लघुरूप होय. 'ध्रुव' या संशोधन अणुभट्टीतून बाहेर पडणारे प्रतिन्यूट्रिनो मोजणे, त्यांच्या आधारे भट्टीवर देखरेख ठेवणे आणि निष्क्रिय न्यूट्रिनोंचा शोध घेणे ही त्याची उद्दिष्टे आहेत.

पार्श्वभूमी

अणुभट्टीत प्रत्येक विखंडनामागे सरासरी सहा प्रतिन्यूट्रिनो निर्माण होतात. ते पदार्थाशी क्वचितच आंतरक्रिया करतात. त्यामुळे शिसे किंवा काँक्रीट त्यांना अडवू शकत नाही. फ्रेडरिक राइन्स व क्लाइड कोवन यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील सव्हाना रिव्हर अणुभट्टीजवळ त्यांचे अस्तित्व सिद्ध केले.

इंधन वापरले जाते तसतसे त्यातील युरेनियम-२३५ घटते व प्लुटोनियम-२३९ वाढते. प्लुटोनियमच्या विखंडनातून शोधता येण्याजोगे प्रतिन्यूट्रिनो तुलनेने कमी मिळतात. म्हणून त्यांच्या संख्येवरून भट्टी न उघडता तिची शक्ती व इंधनातील बदल यांचा अंदाज बांधता येतो. प्लुटोनियम अण्वस्त्रांसाठीही वापरता येत असल्याने अण्वस्त्रप्रसार रोखण्याच्या दृष्टीने हे तंत्र महत्त्वाचे मानले जाते.

रचना व कार्य

ध्रुव भट्टीची औष्णिक क्षमता १०० मेगावॅट आहे. तिच्या गाभ्यापासून सुमारे १३ मीटर अंतरासाठी आखलेल्या या शोधकात प्लास्टिक सिंटिलेटरचे ९० दांडे असून त्यांचे एकूण वजन सुमारे एक टन आहे. प्रत्येक दांडा १०० सेंमी लांब व १० सेंमी जाड असून त्याभोवती गॅडोलिनियमचा लेप दिलेले आवरण असते.

प्रतिन्यूट्रिनो दांड्यातील प्रोटॉनवर आदळल्यास पॉझिट्रॉन व न्यूट्रॉन तयार होतात. त्यासाठी किमान १.८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. पॉझिट्रॉनमुळे तत्काळ प्रकाश उमटतो. न्यूट्रॉन मंदावून काही मायक्रोसेकंदांनंतर गॅडोलिनियमकडून शोषला जातो व गॅमा किरण बाहेर पडतात. लागोपाठच्या या दोन संकेतांवरून प्रतिन्यूट्रिनो ओळखला जातो.

आव्हाने

तमिळनाडूतील तेनी जिल्ह्यात प्रस्तावित असलेल्या भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेला डोंगराच्या खडकाचे कवच मिळणे अपेक्षित आहे. इस्मरानला मात्र भट्टीजवळच, जमिनीच्या पातळीवर काम करावे लागते. विश्वकिरण आणि भट्टीतील न्यूट्रॉन व गॅमा किरण खोटे संकेत निर्माण करतात. त्यांना रोखण्यासाठी शिसे व बोरॉनयुक्त पॉलिथीनचे थर वापरले जातात, तसेच भट्टी चालू व बंद असतानाच्या नोंदींची तुलना केली जाते. याच अभ्यासासाठी १६ दांड्यांचा 'मिनी-इस्मरान' हा प्रारूप शोधक आधी भट्टीच्या दालनात बसवण्यात आला.

निष्क्रिय न्यूट्रिनो

२०११ मधील फेरगणनेनुसार अनेक भट्ट्यांजवळ मोजलेले प्रतिन्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा सुमारे ६ टक्के कमी भरले. निष्क्रिय न्यूट्रिनो हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण होते. गणनेतील त्रुटी हे दुसरे. भट्टीपासून कमी अंतरावर केलेली मोजमापे या दोहोंतील निवड करण्यास साहाय्यक ठरतात.