लालाग्रंथी-छेदनोत्तर रुग्ण : उपद्रव व अनुचिकित्सा

लालाग्रंथी शस्त्रकर्माने काढलेला रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतो, तो बहुधा शस्त्रकर्मास आठ-दहा दिवस होऊन गेल्यावर. उदगीर, जळकोट, देवणी या परिसरातील रुग्ण लातूर, नांदेड, हैदराबाद अथवा मुंबई येथे जाऊन शस्त्रकर्म करवून घेतात. पुढे प्रत्येक लहानमोठ्या तक्रारीसाठी तेवढा प्रवास त्यांना परवडत नाही आणि मग गावातील वैद्य व औषधी दुकानदार हेच त्यांचे आधार ठरतात. म्हणून या शस्त्रकर्मानंतर स्वाभाविक काय, उपद्रव कोणता आणि रुग्णास विनाविलंब परत कधी पाठवावे, याचे विवेचन येथे करीत आहोत.

मोठ्या लालाग्रंथींच्या तीन जोड्या आहेत : कानापुढील व कानाखालील कर्णमूल ग्रंथी, जबड्याखालील अधोहनु ग्रंथी आणि जिभेखालील ग्रंथी. कर्णमूल ग्रंथी मुख्यत्वे अर्बुदासाठी काढली जाते. तेथील अर्बुदांपैकी सुमारे ८० टक्के सौम्य असतात. अधोहनु ग्रंथी वारंवार होणारी अश्मरी व शोथ यांसाठी काढतात. परंतु आपल्या भागात ती गमावलेले रुग्ण आणखी एका वाटेने येतात. गालाच्या वा जिभेच्या कर्करोगात मानेतील रसग्रंथी काढताना ही ग्रंथीही सोबत काढली जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रारंभिक अवस्थेतील मुखकर्करोगाचे ५०० रुग्ण होते. ज्यांच्या मानेचे शस्त्रकर्म प्रथमच, मुखातील शस्त्रकर्मासोबत केले, त्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. मानेत गाठ दिसल्यावरच ते केले, त्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. तेव्हा 'मानेत काही नव्हते, तरी का कापले?' असे रुग्णाने विचारल्यास त्याच्या शंकेला खतपाणी न घालता हे कारण समजावून द्यावे.

येथे पाषाणगर्दभाचा विचार करणे अगत्याचे वाटते. सुश्रुतांनी क्षुद्ररोगांत हनुसंधीच्या ठिकाणचा स्थिर व अल्प वेदनेचा वातकफज शोथ या नावाने सांगितला आहे. पाठ्यपुस्तके त्याची सांगड सरसकट गालगुंडाशी घालतात. आमच्या मते 'स्थिर' व 'मंद वेदना' ही लक्षणे ज्वरयुक्त, दुखऱ्या गालगुंडापेक्षा सावकाश वाढणाऱ्या ग्रंथी-अर्बुदास अधिक लागू पडतात. संहितेत स्वेदन, लेप व पक्व झाल्यास भेदन असा क्रम आहे. तो वाचून कोणी अशा गाठीवर शस्त्र चालवले, तर परिणाम गंभीर होतो. येथील सर्वाधिक आढळणाऱ्या सौम्य अर्बुदाचे आवरण अपुरे असते. ते फुटल्यास पेशी आजूबाजूस सांडतात आणि पुढे अनेक ठिकाणी गाठी उद्भवतात. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेली, न दुखणारी गाठ असल्यास प्रथम सोनोग्राफी व सुईने पेशी-परीक्षण करवून घ्यावे. तोपर्यंत छेद, क्षार, अग्निकर्म व जलौका यांपैकी काहीही योजू नये.

आता शस्त्रकर्मोत्तर काळाकडे वळू. रुग्णाचे डिस्चार्ज कार्ड प्रथम वाचावे. कोणती ग्रंथी, तिचा किती भाग, फेशियल नर्व्ह राखली की कापावी लागली आणि गाठीचा अंतिम अहवाल काय, या चार गोष्टींवाचून चिकित्सा ठरत नाही. जखमेत रक्त साचण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत अधिक असतो, त्या वेळी रुग्ण प्रायः रुग्णालयातच असतो. मात्र घरी आल्यावरही मान झपाट्याने सुजली, श्वास वा गिळणे कठीण झाले, तर दुखणे थांबवणारी गोळी देऊन वाट पाहू नये.

दुसऱ्या आठवड्यात कर्णमूलाशी मऊ फुगवटा येतो व जेवताना तो वाढतो, किंवा टाक्यांतून पाण्यासारखा स्राव झिरपतो. हा पूय नसून उर्वरित ग्रंथीतील लाळ असते. यात ज्वर, लाली व ठणका नसतो. बहुतेक वेळा निर्जंतुकपणे लाळ काढून घेणे, दाबपट्टी व आंबट पदार्थ वर्ज्य करणे एवढ्याने तो काही आठवड्यांत शमतो. चिंच, लिंबू, लोणचे, आवळा यांना या काळात पूर्ण विराम द्यावा. 'शक्ती यावी' म्हणून च्यवनप्राश देणाऱ्यांनीही ही बाब ध्यानी घ्यावी. लाळ कमी करण्यासाठी शल्यचिकित्सक क्वचित ग्लायकोपायरोलेटसारखे औषध देतात. काचबिंदू अथवा पौरुषग्रंथी वाढलेल्या वृद्धाने तीच चिठ्ठी परस्पर पुन्हा आणली, तर दुकानदारांनी ती तशीच भरू नये.

रुग्णाला सर्वांत अधिक भय वाटते ते तोंड वाकडे होण्याचे. फेशियल नर्व्ह कर्णमूल ग्रंथीच्या मधूनच जाते व तिच्या पाच मुख्य शाखा होतात. शस्त्रकर्मात ती अखंड राहूनही ताणली गेल्याने दुर्बल होते. अशी दुर्बलता बहुधा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत भरून येते. हे अर्दित आगंतु कारणाचे आहे. चरकोक्त नावन, मूर्धतैल, तर्पण यांचा विचार व्रण पूर्ण रुजल्यावर व शल्यचिकित्सकाच्या संमतीने करावा. परंतु नाडीस्वेदाविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. कानाच्या पाळीस संवेदना देणारी नाडी या शस्त्रकर्मात पुष्कळदा कापली जाते व पाळी आणि तिच्याभोवतीची त्वचा बधिर होते. बधिर त्वचेस वाफेचा दाह कळत नाही, फोड आल्यावरच कळतो. त्याच कारणाने जड कुड्या घालणाऱ्या स्त्रियांना व दाढी करणाऱ्या पुरुषांना सावध करावे.

तोंडापेक्षा डोळा महत्त्वाचा. पापणी मिटत नसेल तर बुबुळ कोरडे पडून त्यावर व्रण होतो आणि दृष्टी जाऊ शकते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम व पापणी मिटवून लावलेली पट्टी हे त्याच दिवसापासून सुरू व्हावे. डोळा लाल झाला, दुखू लागला तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. अशा डोळ्यात अंजन घालू नये.

काही महिन्यांनी, कधी वर्षाने, रुग्ण एक चमत्कारिक तक्रार घेऊन येतो : जेवताना कानापुढे गाल लाल होतो व घामाने भिजतो. लाळ पाझरवणारे कापले गेलेले तंतू पुन्हा वाढताना त्वचेतील स्वेदग्रंथींना जाऊन मिळतात, त्यामुळे लाळेच्या आज्ञेने घाम सुटतो. पोलंडच्या डॉ. लुचा फ्रे यांनी १९२३ साली याचे सविस्तर वर्णन केले, त्यांच्याच नावाने ही अवस्था ओळखली जाते. निदान चिकित्सालयातही होते : आयोडीनची अॅलर्जी नाही याची खात्री करून गालास टिंक्चर आयोडीन लावावे, वाळल्यावर स्टार्चची पूड भुरभुरावी व लिंबाची फोड चघळावयास द्यावी. घाम येईल तेथे काळानिळा डाग उमटतो. ही पित्तप्रकोपाची व्याधी समजून विरेचन देण्याचे प्रयोजन नाही. पुष्कळांस आश्वासन पुरते; त्रास अधिक असल्यास घाम रोखणारा लेप वा बोट्युलिनमची सुई हे उपाय आहेत.

अधोहनु ग्रंथी काढलेल्यांत खालचा ओठ एका बाजूस नीट खाली ओढला जात नाही, जिभेचा अर्धा भाग बधिर राहतो, किंवा क्वचित जीभ एका बाजूस वळते. एकच ग्रंथी गेल्याने मुख फारसे कोरडे पडत नाही, इतर ग्रंथी भार उचलतात. मात्र पुढे किरणोपचार झाले असतील, तर मुखशोष दीर्घकाळ टिकतो व दात झपाट्याने किडतात. मुखपाक शमल्यावर तिळतेलाचा गंडूष, यष्टिमधूचा सौम्य कवल हे रुग्णास सुख देतात. लवंग, कापूर, पिपरमिंट असलेल्या वट्या मुख पोळतात. किरणोपचार झालेल्या जबड्यातील दात कर्करोगतज्ज्ञास न विचारता काढू नये, अन्यथा अस्थी सडण्याचा संभव असतो. सर्दीसाठी सहज दिल्या जाणाऱ्या अॅलर्जीरोधक गोळ्या हा शोष वाढवतात, हेही दुकानदारांनी स्मरावे.

सौम्य अर्बुद निघाले म्हणजे प्रकरण मिटले, असे नाही. अमेरिकेतील बेसबॉलपटू टोनी ग्विन यांच्या कर्णमूल ग्रंथीतील सौम्य गाठ १९९७ व २००७ मध्ये काढली होती. २०१० मध्ये तेथेच कर्करोग आढळला व २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. तंबाखू चघळण्याकडे त्यांनी स्वतः बोट दाखवले होते; लालाग्रंथीच्या कर्करोगाशी तो संबंध सिद्ध मात्र झालेला नाही. पुनरुद्भव दहा-वीस वर्षांनीही होतो. म्हणून असा रुग्ण अन्य कारणाने आला तरी वर्षातून एकदा व्रणरेषेवर व मानेवर बोटे फिरवून पाहावीत, त्यास डोळे मिटण्यास व दात दाखवण्यास सांगावे. नवी गाठ, नव्याने आलेली दुर्बलता वा सतत वेदना यांपैकी काहीही आढळल्यास जुना अहवाल सोबत देऊन त्यास मूळ शल्यचिकित्सकाकडे रवाना करावे.