कुकरच्या वाफेवर

सकाळी 7

शटर वर केल्यावर पहिली नजर देवाच्या तसबिरीकडे जायला हवी. माझी जाते आर्द्रतामापकाकडे. आतल्या खोलीत 52 टक्के, बाहेर ओसरीवर 88. पुण्यातला जुलै. एप्रिलच्या दुपारी हाच बाहेरचा आकडा विशीपर्यंत घसरतो. गिटारीचा टॉप म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची स्प्रूसची फळी. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि एक दिवस मधोमध चिरते. म्हणून आतल्या खोलीत हवेतलं पाणी ओढणारं यंत्र रात्रभर घरघरत असतं. त्याचा ट्रे रोज सकाळी दारातल्या अनंताच्या कुंडीत रिकामा करते. बाहेर पाऊस कोसळत असतानाही. शेजारच्या काकू अजून हसतात.

काल रात्री भिजत घातलेला सरस साबुदाण्यासारखा टपोरा फुगलाय. ब्यूटी पार्लरवाल्यांचं मेण वितळवायचं भांडं असतं ना, त्यात मी तो साठ अंशांवर ठेवते. सत्तरीच्या वर गेला की त्याची पकड ढिली पडते. वास म्हणाल तर जुन्या सुताराच्या डब्याचा. सरस जनावराच्या कातड्यापासून करतात हे कळल्यावर एका गिऱ्हाइकानं फार गंभीरपणे विचारलं होतं, गिटार देवघराच्या शेजारच्या खोलीत ठेवली तर चालेल का? मी म्हटलं, तबल्याला काय लावलेलं असतं?

सकाळी 8

कोलकात्याच्या एका जुन्या गिटारीच्या पोटातली पट्टी सुटली आहे. ही कामं सकाळीच उरकते, कारण सरस मिनिटभरात थिजायला लागतो आणि तेव्हा दुकानात कुणी बोलायला नको असतं. हेअर ड्रायरनं लाकूड कोमट करायचं, साउंडहोलमधून हात आत घालायचा, आरशात बघत पट्टी बसवायची, शिकंजा आवळायचा. सगळं एका दमात. माझा हात लहान आहे. या धंद्यात ते भांडवल आहे.

पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद वापरला तर पाच-दहा मिनिटं हाताशी असतात, आराम असतो. तरी जुन्या वाद्यात मी सरसच घालते. त्याचं कारण आज अकरा वाजता कळेल.

सकाळी 10

काका वेळेआधी आले. सत्तरी ओलांडलेले, छत्री बाहेर निथळत ठेवून, चपला काढून आत. त्यांच्या थोरल्या भावाची गिटार माझ्याकडे महिनाभर आहे. दादा साठच्या दशकात शिकायला अमेरिकेत गेला, तिथे कुणाकडून तरी जुनी घेतली, परत येताना घेऊन आला. दादा गेला, गिटार माळ्यावर गेली. आता काकांच्या नातीला ती हवी आहे.

आरसा आत धरला की नेकच्या ठोकळ्यावर छाप दिसतो: मार्टिन, 00-18, खाली अनुक्रमांक. त्या क्रमांकावरून साल निघतं 1956. सी. एफ. मार्टिन हे सॅक्सनीतून आलेले जर्मन सुतार. 1833 मध्ये न्यूयॉर्कात दुकान काढलं आणि पाच-सहा वर्षांत पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी गेले. कंपनी आजही तिथेच आहे. ही त्यांच्या लहान चणीच्या वाद्यांपैकी: टॉप स्प्रूसचा, बाजू आणि पाठ महोगनीची. दिसायला अगदी साधी, कुठे शिंपल्याची नक्षी नाही. हौशी लोकांना ती नेमकी याचसाठी आवडते.

दुखणं एकच. सहा स्टीलच्या तारा मिळून साधारण सत्तर किलोचा ताण देतात, रात्रंदिवस. पन्नास-साठ वर्षांत अख्खं खोकं किंचित मुडपतं, नेक पुढे झुकतो, तारा फिंगरबोर्डापासून उंच जातात आणि बाराव्या फ्रेटवर दाबायला बोटांत ताकद लागते. नव्या गिटारीच्या नेकमध्ये फिरवायची सळई असते. मार्टिननं 1985 पर्यंत ती दिली नव्हती. आणि ती असती तरी इथे उपयोग नव्हता, कारण नेक वाकलेला नाही, त्याचा कोन बदललाय.

“म्हणजे मान तोडणार का पोरी?”

“तोडणार नाही काका, उघडणार.”

“मला बघवणार नाही.” असं म्हणून ते मंडईत गेले. सातला येतो म्हणाले.

सकाळी 11

प्रेशर कुकर. तीन लिटरचा, आईच्या घरून आणलेला. शिट्टी काढून तिथे सिलिकॉनची नळी, नळीच्या टोकाला फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई. नाझरेथमध्ये बांधलेल्या गिटारीचं कुलूप शुक्रवार पेठेत या किल्लीनं उघडतं.

फिंगरबोर्डाचा जो भाग टॉपवर चिकटलेला असतो तो आधी छोट्या इस्त्रीनं तापवून, पातळ सुरी सरकवत सोडवला. मग पंधरावा फ्रेट काढला. नेक अंगाला मिळतो चौदाव्या फ्रेटपाशी. पंधराव्याच्या खाचेखाली डोव्हटेलचा सांधा असतो. कबुतराच्या शेपटीसारखी खालून निमुळती होत गेलेली जीभ, तिला तसाच खळगा. जिभेचं टोक आणि खळग्याचा तळ यांच्यात बोटभरही नाही अशी पोकळी. खाचेतून सुई जाईल एवढं भोक पाडलं. ड्रिल एकाएकी हलकं झालं की समजायचं, पोकळी लागली.

“ताई, पाणी उकळलं,” पोऱ्या म्हणाला. त्याला दोन वर्षं झाली माझ्याकडे, अजून हे काम असलं की त्याचा आवाज बारीक होतो. माझाही होतो. आयुष्यातला पहिला नेक मी असाच काढला तेव्हा वाफ बाजूनं निसटली आणि नेकच्या टाचेभोवतीचं लॅकर दुधासारखं पांढरं पडलं. ते परत पारदर्शक करायला जितके दिवस लागले तितक्यात दोन नेक बसवून झाले असते. आता आधी सगळीकडे मेण चोळते, वर पुठ्ठा.

सुई आत. पहिली दोन मिनिटं काही नाही. तिसऱ्या मिनिटाला टाचेच्या कडेनं तपकिरी पाण्याचा थेंब, मग धार. तो विरघळलेला सरस. पुसत राहायचं, घाई करायची नाही. सहाव्या मिनिटाला टाचेखालच्या शिकंज्याला पाव फेरा दिला. नेक कुरकुरला. आणखी पाव फेरा. मग चिखलातून पाय काढल्यावर यावा तसा ‘चुक’ आवाज आला आणि नेक माझ्या हातात.

सरसासाठी लोक मला वेडी म्हणतात, तो हट्ट यासाठी. ज्यानं हा सांधा 1956 मध्ये जोडला त्याला ठाऊक होतं की तारा ओढणार, लाकूड हलणार, कधीतरी कुणीतरी हे उघडणार. त्यानं उघडता येईल असं जोडलं. याच गिटारीचा ब्रिज कुणीतरी कधीकाळी इपॉक्सीनं चिकटवला होता, कायमचा, मजबूत. तो सोडवायला मला मागच्या महिन्यात दोन दिवस लागले आणि टॉपचे चार-सहा धागे त्याच्याबरोबर निघाले. मजबूत या शब्दाचा मला तेव्हापासून थोडा राग आहे.

खळग्यात टॉर्च मारला. बाहेरची महोगनी पिकून खारकेच्या रंगाची झाली आहे. आतली फिकट, गुलाबीसर, कालच रंधा मारल्यासारखी. जिभेच्या डाव्या अंगाला कागदाएवढी पातळ लाकडाची चकती, सांधा घट्ट बसावा म्हणून घातलेली. तिच्याशेजारी पेन्सिलीची तिरकी रेघ. अक्षर नाही, आकडा नाही, नुसती रेघ: इथवर तासायचं.

दुपारी 1.30

डबा. मेथी. पोऱ्यानं कुकर घासून ठेवला, त्यात घरचा वरणभात कधीच लावणार नाही अशी शपथ पुन्हा एकदा घेतली.

दुपारी 2.30

ओला सांधा आठवडाभर सुकेल, तोवर त्याला हात नाही. हिशेब मात्र मांडून ठेवला. नेकवर ठेवलेली सरळ पट्टी ब्रिजच्या माथ्यावर टेकायला हवी. ती तीन मिलिमीटर खाली जात होती. चौदाव्या फ्रेटपासून तारेच्या टेकूपर्यंत 282 मिलिमीटर, टाचेची उंची 90. म्हणजे टाचेच्या तळाशी जवळपास एक मिलिमीटर लाकूड घालवायचं आणि वर शून्य. एक मिलिमीटरसाठी एवढा खटाटोप.

मग दुसऱ्या एका गिटारीचं सॅडल, म्हणजे तोच तारेचा टेकू. म्हशीचं हाड, कानशीखाली पांढरी भुकटी. इथे मला दर वेळी मिरज आठवते. मी तिथल्या सतारमेकर गल्लीत एक पावसाळा नुसती बसून काढलाय. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढणारा कारागीर हाडाचा माथा असा घासतो की तार त्याला किंचित चाटत राहावी, झणझणावी. वर सुताचा दोरा सरकवून तो ती झणझण जागेवर आणतो. मी उलटं करते. माझ्या सॅडलवर तार एकाच बिंदूत सुटली पाहिजे. ती चाटायला लागली की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येतं. हाड तेच, कानस तीच. तिथे जे सोनं, ते इथे खोट.

दुपारी 4

तासभर माझ्या स्वतःच्या गिटारीला. वर्षाला चार होतात, पाचवी झाली तर दुरुस्तीची कामं तुंबतात. हिची पाठ आणि बाजू शिसवीच्या, जुन्या बाजारात मिळालेल्या कपाटाच्या फळ्यांतून चिरलेल्या. फळी दोन मिलिमीटरपर्यंत तासून, ओली करून, तापलेल्या लोखंडी नळीवर झुलवत वाकवायची. शिसव तापला की गोडसर वास सुटतो आणि थोड्या वेळानं शिंका. जबरदस्तीनं वाकवली तर काडकन जाते. तापली की आपण होऊन वळते, हाताला कळतं.

याच झाडाला जगातले गिटारवाले इंडियन रोझवुड म्हणतात. ब्राझीलचं रोझवुड मिळेनासं झाल्यावर मार्टिननं 1969 मध्ये नेहमीच्या कामासाठी आपला शिसव धरला. ब्राझीलच्या लाकडाच्या व्यापारावर 1992 पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. काकांच्या गिटारीचा ब्रिज आणि फिंगरबोर्ड त्याच लाकडाचे. नात उद्या ती घेऊन परदेशी निघाली तर आधी कागदपत्रं लागतील, हे त्यांना सांगायला हवं.

संध्याकाळी 5.30

शनिवार, म्हणजे मंडळी. बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा, हिंजवडीची दोन पोरं, चर्चमध्ये वाजवणारे एक सर. चहा मी देते, भजी त्यांची. आजोबांनी आज हवाईयन गिटार आणली: उंच नट, मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीनं वाजवायची. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये ब्रिजभूषण काब्रांनी जिच्यावर राग वाजवले ती हिचीच जात. आजोबांनी दोन मिंडी घेतल्या आणि पोरांचे मोबाइल खिशात गेले.

मग नेहमीचं भांडण. एक पोरगा म्हणाला, ब्राझीलच्या रोझवुडसारखा आवाजच नाही. मी त्याला दर महिन्याला एकच गोष्ट ऐकवते. 2018 साली इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच घडणीच्या सहा गिटारी करून घेतल्या, फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं. 52 वादकांनी त्या न बघता वाजवल्या. महागडं लाकूड त्यांना ओळखता आलं नाही. आणि त्याच्याही आधी, 1862 मध्ये, स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या करून वर लाकडाचा टॉप बसवला होता. ती गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे.

“मग तुम्ही शिसव का वापरता ताई?”

“वास आवडतो.”

सरांनी काकांच्या गिटारीचं उघडं धड बघितलं आणि टोपी काढावी तसा हात छातीशी नेला. लॅकरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा पडल्यात. पोरं विचारत होती, पॉलिश मारून चकाचक करणार का? सरांनीच परस्पर उत्तर दिलं, आजीचा चेहरा तू इस्त्री करतोस का रे? लॅकर पुन्हा मारलं की जुन्या गिटारीची बाजारातली किंमत धाडकन पडते हे खरं, पण सर किमतीचं बोलत नव्हते.

संध्याकाळी 7

काका आले, पिशवीत कोथिंबीर. नेक एका फडताळावर, धड दुसऱ्यावर. बराच वेळ ते दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिले. मी टॉर्च मारून आतली पेन्सिलीची रेघ दाखवली.

“दादानं ही कधी पाहिली नसणार.”

“कुणीच नाही. जोडणाऱ्यानंतर आपणच.”

कागदपत्रांचं सांगितलं, ते त्यांनी मागच्या पिढीतल्या माणसांसारखं डायरीत लिहून घेतलं. मग डायरीतली पेन्सिल तशीच हातात धरून म्हणाले, “तूही आत काही लिहिणार का?”

“तारीख लिहिते. पुढच्या माणसाला कळावी म्हणून.”

“तो कधी येईल?”

“चाळीसेक वर्षांनी.”

त्यांनी बोटांवर नातीचं वय मोजलं आणि छत्री उघडत पायरी उतरले. मी यंत्राचा ट्रे जागेवर सरकवला, सरसाचं भांडं बंद केलं. आतला काटा 55 वर गेला होता. मंडळींच्या चहाची वाफ.